आभाळ एक, फोटो चाळीस

मृग लागून दोन-चार दिवस झालेले असतात, पण पावसाचा पत्ता नसतो. दुपार कलली की जिंतूरहून सेनगावकडे निघालेला दुचाकीवाला येलदरीपाशी आपोआप गाडी बाजूला घेतो. धरणाच्या पाण्यापलीकडे ढग चढत असतो. खिशातून मोबाइल निघतो, आणि पुढच्या अर्ध्या तासात उभे, आडवे, जवळचे, लांबचे असे जमतील तेवढे फोटो निघतात. रात्री जेवणं झाल्यावर गॅलरी उघडली की तीस-चाळीस चौकटी समोर येतात आणि सगळ्या सारख्याच दिसतात. कुठला ठेवायचा? बहुतेक जण सगळेच ठेवतात, आणि मग पुन्हा कधी एकही उघडून बघत नाहीत.

या चाळीसांतून एक निवडणं ही फोटो काढण्याइतकीच मोठी कला आहे. तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, कारण कॅमेऱ्यांच्या जाहिरातीत ती बसत नाही. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो: सारख्या दिसणाऱ्या फोटोंतून निवडताना ढगाकडे बघायचंच नाही. ढग सगळ्या फोटोंत तोच आहे. खालच्या जमिनीशी, पाण्याशी आणि चौकटीच्या चार कडांशी त्याचं जमतं कुठे आणि फिसकटतं कुठे, तेवढंच तपासायचं.

त्यासाठी येलदरी ही फार सोयीची जागा आहे. पूर्णा नदीवरचं हे धरण १९६८ साली पुरं झालं. सुमारे एक्कावन्न मीटर उंचीची भिंत, दहा दरवाजे, पायथ्याशी साडेबावीस मेगावॉटचं वीजघर. इथून सुटलेलं पाणी खाली हिंगोली जिल्ह्यातल्या सिद्धेश्वर धरणात अडवलं जातं आणि तिथून कालव्यांना लागतं. फोटो काढणाऱ्याच्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट मात्र वेगळीच आहे. जलाशय धरणाच्या वरच्या अंगाला, साधारण पश्चिम-वायव्येला पसरलेला आहे, म्हणजे सूर्य मावळतो त्याच बाजूला. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात इथला सूर्यास्त नेमक्या पश्चिमेपासून सुमारे २५ अंश उत्तरेला सरकलेला असतो, तर डिसेंबरात तेवढाच दक्षिणेला. त्यामुळे पावसाळ्याच्या तोंडावर ढग, मावळता सूर्य आणि पाणी या तिन्ही गोष्टी एका चौकटीत येतात. एवढं मोकळं क्षितिज आणि एवढं पाणी मराठवाड्यात एका जागी क्वचितच मिळतं.

पण पाण्याचं सोंग दर महिन्याला वेगळं. जूनमध्ये धरण तळाला गेलेलं असतं. पाणी दूर सरकतं, भेगाळलेला गाळ उघडा पडतो, गाळपेराच्या जमिनीवरचे बांध दिसू लागतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात, पाऊस बरा झाला असेल तर, पाणी दगडी पिचिंगला येऊन टेकतं आणि आख्खं आभाळ त्यात उतरतं. ढग दोन्ही वेळी तेवढाच जबरदस्त असू शकतो. फोटो मात्र दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. जूनचा फोटो वाट बघण्याचा, ऑक्टोबरचा भरून पावल्याचा. हे ज्याच्या लक्षात आलं त्याची निवड तिथेच अर्धी सोपी होते, कारण आपण कुठली गोष्ट सांगायला निघालो आहोत हे त्याला कळलेलं असतं.

आता ‘सारखेच’ फोटो खरंच सारखे असतात का, ते बघू. गडगडाटी ढगाला हवामानशास्त्रात क्युम्युलोनिंबस म्हणतात. ढगांना क्युम्युलस, स्ट्रेटस, सिरस अशी लॅटिन नावं देण्याची कल्पना ल्यूक हॉवर्ड या लंडनच्या औषध-व्यावसायिकाची. १८०२ च्या डिसेंबरात त्यानं ती एका व्याख्यानात मांडली आणि आजही जगभर तीच पद्धत चालते. क्युम्युलोनिंबस वाढत असताना आतली हवा सेकंदाला दहा मीटरच्या वेगानं वर चढणं ही मामुली गोष्ट. या वेगानं ढगाचा माथा एका मिनिटात सहाशे मीटर वर जातो. ढग आपल्यापासून वीस किलोमीटरवर असेल तर डोळ्याला हे चढणं पावणेदोन अंशांचं दिसतं, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राची तीनहून अधिक बिंबं एकावर एक ठेवावीत एवढं. दोन फोटोंत मिनिटाचं अंतर असेल तर पहिल्यात माथ्याच्या वर मोकळं आभाळ होतं आणि दुसऱ्यात तो चौकटीच्या वरच्या कडेला जाऊन भिडला, असं सहज होतं. आपण मात्र त्या मिनिटभरात रस्त्यावरच्या कुणाशी तरी पावसाबद्दल बोलत असतो.

उजेडही असाच पळतो. येलदरीच्या भिंतीवर सूर्य मावळला तरी बारा किलोमीटर उंचीच्या ढगमाथ्याला तो आणखी सुमारे पंधरा मिनिटं दिसत राहतो. पृथ्वी गोल असल्याचा हा साधा परिणाम. किलोमीटरभर उंचीवरच्या ढगाच्या तळाला मात्र चार-पाच मिनिटंच मिळतात. त्यामुळे पूर्वेला, सिद्धेश्वरच्या दिशेला ढग असेल तर तांबूस उजेड त्याच्या अंगावरून खालून वर चढत जातो. आधी सगळा ढग सोनेरी, मग तळ निळसर-राखाडी आणि खांदे गुलाबी, शेवटी फक्त माथा पेटलेला. या पंधरा मिनिटांतले फोटो लहान पडद्यावर एकसारखे वाटतात. पण उजेडाची रेघ ढगाच्या साधारण मध्यावर असते, तेव्हा त्याचा गोलवा सगळ्यात जास्त उठून दिसतो. सगळा ढग एकाच रंगाचा असेल तेव्हा तो कागद कापून चिकटवल्यासारखा सपाट होतो. सूर्यास्ताचे फोटो काढणारे सगळे पश्चिमेकडे तोंड करून उभे असतात. एकदा मागे वळून बघा, एवढंच सुचवतो.

वाढून वाढून ढग वातावरणाच्या छताला टेकला की त्याचा माथा आडवा पसरतो आणि लोहाराच्या ऐरणीसारखं टोक बाहेर येतं. या टोकाला दिशा असते. उन्हाळ्याच्या अखेरीस उंचावरचे वारे बहुधा पश्चिमेकडून येतात, म्हणून वळवाच्या ढगाची ऐरण पूर्वेकडे झुकते. मोसमी पाऊस स्थिरावला की चौदा-सोळा किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून जोरदार प्रवाह वाहू लागतो आणि ऐरणीचं टोक उलट पश्चिमेला वळतं, खालचे ढग पूर्वेकडे पळत असले तरी. हा पूर्वेकडून वाहणारा उंच प्रवाह १९५८ मध्ये जगापुढे मांडला तो पी. कोटेश्वरम या भारतीय हवामानशास्त्रज्ञांनी. फोटोच्या निवडीत याचा उपयोग असा की ऐरणीचं टोक ज्या बाजूला आहे त्या बाजूला चौकटीत मोकळी जागा हवी. टोक कडेला कापलं गेलं की ढग दारात अडकल्यासारखा दिसतो. जुलै-ऑगस्टात हा प्रश्नच येत नाही, कारण तेव्हा आभाळ बहुधा सपाट करड्या थराचं असतं. नाट्य असतं ते जूनच्या सुरुवातीला आणि मग थेट सप्टेंबरच्या उत्तरार्धात, हस्ताच्या गडगडाटात.

आता एक संध्याकाळ घेऊ आणि तिच्यातले पाच फोटो शेजारी शेजारी मांडू. जूनचा दुसरा आठवडा, पाणी खाली गेलेलं, वायव्येला एक मोठा ढग, सूर्य त्याच्या मागे.

पहिला फोटो आडवा. क्षितिज बरोबर मध्ये, ढगही बरोबर मध्ये, वर आभाळ निम्मं, खाली गाळ आणि पाणी निम्मं. यात सगळं आहे. तक्रार करायला जागा नाही आणि थांबून बघावं असंही काही नाही. पोहोचल्या पोहोचल्या काढलेला फोटो बहुधा असा असतो. तो जागेची नोंद म्हणून ठीक.

दुसऱ्यात मोबाइल वर केलेला आहे. जमीन खाली पट्टीएवढी उरली, ढग मोठा झाला, आणि आभाळाचं वजन एकदम जाणवू लागलं. पण ऐरणीचा माथा वरच्या कडेला नेमका चिकटला आहे. धड कापलेला नाही, धड मोकळाही नाही. ‘चिकटणं’ हा निसर्गचित्रातला सगळ्यात वाईट दोष, कारण नजर त्या बिंदूपाशी जाऊन अडते आणि परत खाली उतरत नाही. माथा स्पष्ट कापला असता तर ढग चौकटीत मावत नाही एवढा मोठा आहे असा अर्थ निघाला असता. थोडी जागा सोडली असती तर त्याचा पुरा आकार दिसला असता. मधलं काहीच चालत नाही.

तिसरा उभा आहे. खालच्या कोपऱ्यातून दगडी पिचिंगची तिरकी रेघ निघते, पाण्याकडे जाते आणि नजर थेट ढगाच्या पायथ्याशी पोहोचवते. रचना पक्की. फक्त उजव्या कडेला विजेचा एक खांब अर्धा आत आलेला आहे. काढताना तो दिसला नव्हता, कारण डोळे ढगावर होते. खांब कापून टाकता येईल, पण मग पिचिंगची रेघ कोपऱ्यातून सुटते. इथे कळतं की फोटोचा एक दोष काढायला गेलं की दुसरा गुणही सोबत जातो.

चौथ्यात माणूस आला. डाव्या बाजूनं एक मासेमार तराफ्यावर उकिडवा बसून वल्हवत मोकळ्या पाण्यात शिरला आहे. उजवीकडे ढगाच्या तळातून पावसाचा करडा पडदा लोंबतो आहे आणि जमिनीला टेकण्याआधीच विरतो आहे. जूनच्या कोरड्या हवेत थेंब वाटेतच आटतात. क्षितिज चौकटीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शापाशी. ढगाची चंदेरी कड मात्र या फोटोत थोडी मंद आहे.

पाचवा सगळ्यांत भडक. सूर्य ढगाच्या फटीतून डोकावला, किरणांचा पंखा उघडला, कड पेटली. रंग म्हणाल तर याच्यात. पण तोवर तराफा पुढे सरकून पलीकडच्या काठाच्या काळ्या रेघेत मिसळून गेला आणि पावसाचा पडदाही निवळला. उरली फक्त आतषबाजी.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाचव्याला जास्त अंगठे मिळतील याबद्दल शंका नाही. मी चौथा निवडेन. पाचव्यात डोळा एकदाच किरणांवर जातो आणि काम संपतं. चौथ्यात तो तराफ्यापासून निघतो, पाणी ओलांडतो, पावसाच्या पडद्यानं वर चढतो, ऐरणीवर पसरतो आणि पुन्हा त्या एवढ्याशा माणसाकडे येतो, कारण तो भिजणार की काठाला पोहोचणार हे अजून ठरलेलं नाही. शिवाय ढग केवढा आहे हे तराफ्यामुळेच कळतं. एकट्या ढगाला माप नसतं. तराफ्याची जागाही तपासून घ्यावी. त्याच्याभोवती उजळ पाणी आहे, म्हणून माणसाची आकृती सुटी दिसते. एका मिनिटानंतरच्या चौकटीत तोच माणूस अजूनही आहे, पण मागे काळा काठ आला म्हणून तो नाहीसा झाला. सारख्या फोटोंत फरक असतो तो एवढाच, आणि तो पुरतो.

क्षितिज तिसऱ्या हिश्शावर ठेवण्याचा नियम आता मोबाइलच्या पडद्यावरच रेघा आखून दिलेला असतो. गंमत अशी की हा नियम निसर्गचित्रातल्या आभाळाच्या हिशेबातूनच आलेला आहे. १७९७ साली जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकारानं ग्रामीण देखाव्यांवरच्या पुस्तकात तो नावानिशी मांडला, आणि जमीन एक हिस्सा तर आभाळ दोन हिस्से हे त्याचं पहिल्या पहिल्यातलं उदाहरण होतं. नियम वाईट नाही, पण निवडीच्या वेळी तो पंचासारखा वापरू नये. ढग खरोखर अंगावर येणारा असेल तर जमीन दहाव्या हिश्श्याएवढी उरली तरी चालते. ऑक्टोबरात पाणी आरशासारखं स्थिर असेल तर क्षितिज बेधडक मध्यावर घ्यावं, कारण तेव्हा विषय ढग आणि त्याचं प्रतिबिंब असा जोडीचा असतो. क्षितिज सरळ असणं मात्र सक्तीचं. पाण्याची रेघ एका अंशानं जरी कलली तरी धरण सांडतंय असं वाटतं. हा दोष नंतर दुरुस्त करता येतो, म्हणून त्यासाठी चांगला फोटो बाद करू नका.

ढग आणि जमीन यांचं एका चौकटीत जमवणं ही छायाचित्रकलेची जन्मापासूनची डोकेदुखी. जुन्या काचांवरचा रासायनिक लेप निळ्या उजेडाला फार लवकर प्रतिसाद द्यायचा. जमीन नीट उमटेपर्यंत आभाळ पांढरंफटक पडायचं आणि ढग नाहीसे व्हायचे. फ्रान्सच्या ग्युस्ताव्ह ल ग्रे यानं १८५६-५७ च्या सुमारास यावर तोड काढली. समुद्राची एक काच, आभाळाची दुसरी काच, आणि छापताना दोन्ही क्षितिजावर जोडायच्या. आभाळाची एखादी काच आवडली की तो ती वेगवेगळ्या समुद्रांवर वापरायचा. म्हणजे मोबाइलमधल्या एका बटणावर आभाळ बदलण्याला आपण आज नावं ठेवतो, त्याला जवळपास पावणेदोनशे वर्षांची परंपरा आहे. नावं ठेवायला तरीही हरकत नाही. उसनं आभाळ पकडायची युक्ती सोपी आहे: जमिनीवरच्या सावल्या एका दिशेला आणि ढगावरचा उजेड दुसऱ्या दिशेनं, असं दिसलं की समजावं.

सारख्या दिसणाऱ्या ढगफोटोंचा खरा राजा म्हणजे अमेरिकेचा आल्फ्रेड स्टीग्लिट्झ. त्याच्या फोटोंची ताकद समोर बसलेल्या माणसांत आहे, त्याच्यात नाही, अशा अर्थाची टीका झाली तेव्हा तो चिडला आणि १९२२ मध्ये ढगांकडे वळला. ढग सगळ्यांना सारखे आणि फुकट उपलब्ध आहेत, त्यावर कुणाचा कर नाही, असा त्याचा युक्तिवाद. पुढच्या दहा-बारा वर्षांत त्यानं दोनशेहून अधिक ढगफोटो जगापुढे ठेवले आणि त्या मालिकेला ‘इक्विव्हॅलंट्स’ असं नाव दिलं. त्यांतल्या बहुतेकांत क्षितिज नाही, झाड नाही, घर नाही. काही फोटो तर त्यानं वेगवेगळ्या बाजूंनी फिरवून लावले. मी मघाशी जमिनीशी असलेल्या नात्याचा जो आग्रह धरला, तो स्टीग्लिट्झनं सरळ मोडीत काढला. पण बारकाईनं बघितलं तर त्यानं जमिनीच्या जागी चौकटीच्या कडा वापरल्या. कुठला काळा पट्टा कुठल्या कोपऱ्यात संपतो, पांढरा झोत कुठली कड ओलांडतो, यावरच ते फोटो उभे आहेत. येलदरीवर निव्वळ आभाळाचा फोटो निवडायचा असेल तर हीच कसोटी लावावी. तो उलटा केला तरी टिकतो का? टिकला तर ठेवा.

ॲन्सेल ॲडम्सचं उदाहरण याच्या अगदी उलट. न्यू मेक्सिकोतल्या एर्नांडेझ गावावर उगवलेला चंद्र आणि ढगांचा लांब पट्टा, हा त्याचा सगळ्यांत गाजलेला फोटो. उजेड मापायचं मीटर त्याला घाईत सापडेना. चंद्राची प्रखरता पाठ होती, तिच्यावरून हिशेब करून त्यानं एक फिल्म उघडली, आणि दुसरीची तयारी होईपर्यंत थडग्यांच्या क्रुसांवरचं ऊन गेलं. निवडायला दुसरा फोटोच नव्हता. म्हणून त्यानं निवड केली ती अंधाऱ्या खोलीत. सुरुवातीच्या प्रतींत आभाळ फिकट आहे आणि वरच्या भागात विरळ ढग दिसतात. पुढच्या दशकांत तो आभाळ गडद गडद करत गेला आणि ते विरळ ढग त्यानं काळ्यात बुडवून टाकले. उरला तो एकच पांढरा पट्टा आणि चंद्र. जगप्रसिद्ध माणूस आयुष्यभर एकाच फोटोतले नको असलेले ढग काढत बसला होता, हे आपण चाळीस फोटो जपून ठेवताना आठवावं.

प्रत्यक्ष निवडीला बसताना काही युक्त्या कामाला येतात. पहिली म्हणजे फोटो लहान करून बघणं. गॅलरीत बोटाच्या नखाएवढ्या चौकटी दिसतात तेव्हा बारीकसारीक तपशील गळून पडतात आणि काळ्या-पांढऱ्या भागांची मांडणी तेवढी राहते. त्या आकारातही जो फोटो ओळखू येतो, तो पुढच्या फेरीत घ्यावा. दुसरी युक्ती फोटो उलटा करून बघण्याची. जुन्या मोठ्या कॅमेऱ्यांच्या काचेवर प्रतिमा उलटीच पडायची. छायाचित्रकार डोक्यावर काळं कापड घेऊन उलट्या जगाची रचना करत, आणि त्याचा त्यांना फायदाच व्हायचा, कारण उलट्या चित्रात ‘ढग’, ‘धरण’ ही नावं पुसली जातात आणि नुसतं वजन दिसतं. तिसरी, रंग काढून टाकणं. सूर्यास्ताचा केशरी रंग मोठा फसवा असतो, तो दुबळ्या रचनेवर पांघरूण घालतो. कृष्णधवल केल्यावर जो फोटो एकदम मरतो त्यात रंगापलीकडे काही नव्हतं. मग भले तो रंगासाठीच ठेवा, पण जाणून ठेवा.

यानंतर कडांवरून बोट फिरवावं. चारही कडा आणि चारही कोपरे. अर्धी आलेली बाभळीची फांदी, गाडीचा आरसा, कुणाची तरी टोपी, आभाळात एकट्या पडलेल्या छोट्या ढगाचा कापलेला तुकडा. मधला भाग सगळ्यांनाच दिसतो. फोटो बिघडतो तो कडांना.

पहिल्या चाळणीनंतर दोन-तीन फोटो उरतात आणि तिथे मन अडतं. मग ते जोडीजोडीनं समोरासमोर ठेवावेत. एका वेळी दोनच. चाळीसांतला उत्तम कुठला हा प्रश्न माणसाला झेपत नाही. या दोघांत बरा कुठला, याचं उत्तर शेंबडं पोरही देतं. आणि निवड त्याच रात्री करू नये. त्या रात्री वाऱ्याचा झोत, मातीचा वास, विजेचा लखलखाट सगळं अंगात भिनलेलं असतं, आणि ते फोटोत नसलं तरी आपल्याला दिसतं. ज्या फोटोसाठी चिखलात गुडघ्यापर्यंत गेलो तो चांगलाच वाटतो. बघणाऱ्याला तो चिखल माहीत नसतो. आठवड्यानं बघा, किंवा तिथे नसलेल्या एखाद्या माणसाच्या हातात मोबाइल द्या आणि त्याचं बोट कुठे थांबतं तेवढं पाहा. मतं विचारू नका. विचारलं की लोक चांगलंच बोलतात.

काही गोष्टी मात्र निवडीनं सुधारत नाहीत, त्या काढतानाच सांभाळाव्या लागतात. चाळीस किलोमीटरवरचा बारा किलोमीटर उंच ढग डोळ्याला जेमतेम सतरा अंशांचा भरतो. मोबाइलची नेहमीची भिंग-चौकट आडवी धरली तर उंचीत सुमारे पन्नास अंश व्यापते. म्हणजे तो महाकाय ढग फोटोत फक्त तिसरा हिस्सा घेतो आणि आपण म्हणतो, प्रत्यक्षात केवढा मोठा होता हो! अशा वेळी दुसरं, लांब पल्ल्याचं भिंग असेल तर ते वापरावं. आणखी एक. पांढऱ्याफेक जळालेल्या कडेत नंतर काही परत आणता येत नाही, काळोखातून मात्र बरंच काही निघतं. म्हणून पडद्यावर ढगाच्या सगळ्यांत उजळ भागाला बोट लावून उजेड थोडा कमी करावा. सारख्या रचनेच्या दोन फोटोंत ज्याच्या ढगाच्या कडेत तपशील शिल्लक आहे तो ठेवावा, मग तो मोबाइलवर अंधारा दिसला तरी. फोन स्वतःच तीन-चार उजेडांची बेरीज करून जो फोटो देतो, त्यात पुष्कळदा ढगाचं काळेपणच धुतलं जातं. वादळ येतंय ते चुन्यानं रंगवल्यासारखं दिसतं.

ढगाच्या नादात जीव धोक्यात घालू नका, हेही इथेच सांगितलं पाहिजे. उघडी भिंत, पाण्याचा काठ आणि माळावरचं एकटं झाड, या विजेच्या वेळी सर्वांत वाईट जागा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. दर तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर कॅमेरा गुंडाळून पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत बसावं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आसपासच्या विजांची सूचना देतं, ते फोनमध्ये असू द्यावं. धरणाच्या भिंतीवर आणि दरवाज्यांपाशी परवानगीशिवाय जाऊ नये. रस्त्यावरून आणि मोकळ्या काठावरून मिळणारं आभाळ तेवढंच असतं.

राहिली एक सवय. कॉन्स्टेबल या इंग्रज चित्रकारानं १८२१-२२ मध्ये हॅम्पस्टेडच्या टेकडीवर ढगांची अनेक चित्रं रंगवली आणि पुष्कळांच्या मागे तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहून ठेवली. म्हणून त्या दिवशीचं हवामान अभ्यासकांना आजही पडताळता येतं. ॲडम्सनं त्या चंद्राच्या फोटोची तारीख लिहिलीच नाही, वर्षही वेगवेगळं सांगत राहिला. शेवटी खगोलाच्या अभ्यासकांना चंद्राच्या जागेवरून गणित मांडून १ नोव्हेंबर १९४१ ही तारीख काढावी लागली. आपला फोन तारीख-वेळ आपोआप लिहितो, पण वारा कुठून होता, पाऊस पडला की हुलकावणी देऊन गेला, धरणात पाणी किती होतं, हे लिहीत नाही. तेव्हा येत्या मृगात येलदरीला गेलात तर चाळीसांतला एकच फोटो निवडा, त्याखाली या तीन गोष्टी लिहा, आणि गटावर तेवढा एकच टाका.